चिन्हांचे प्रकार (चिन्हमीमांसा)

चिन्हांचे प्रकार ही चिन्हमीमांसा या ज्ञानशाखेतील मूलभूत विभागणी होय. स्वतःहून वेगळ्या गोष्टीचा बोध करून देणारी वस्तू, खूण, ध्वनी वा शब्द म्हणजे चिन्ह. चिन्हाचा त्याच्या विषयाशी असलेल्या संबंधावरून अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी केलेली त्रिविध विभागणी सर्वाधिक प्रचलित आहे.

तीन प्रकार

• प्रतिमा: विषयाशी साम्य असलेले चिन्ह. उदा. छायाचित्र, नकाशा.
• सूचक: विषयाशी कार्यकारण किंवा प्रत्यक्ष सान्निध्याने जोडलेले चिन्ह. उदा. चिखलात उमटलेले पाऊल, तापाने तापलेले अंग. न्यायदर्शनात धुरास अग्नीचे 'लिंग' म्हणतात. ही कल्पना सूचकाच्या जवळची आहे.
• प्रतीक: केवळ संकेताने किंवा रूढीने अर्थ प्राप्त झालेले चिन्ह. उदा. शब्द, अंक, लिपी.

प्रकारांची सरमिसळ

हे प्रकार वस्तूंचे नसून संबंधांचे आहेत. त्यामुळे एकाच वस्तूत ते एकत्र आढळतात. वाशीम येथे मिळालेल्या, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटातील अक्षरे प्रतीके आहेत. ती लिपी न जाणणाऱ्यास त्या केवळ रेषा भासतात. त्यातील वंशावळ संस्कृतात व दानाचा तपशील प्राकृतात आहे. म्हणजे एकाच लिपीतून भाषेचे दोन संकेत वावरतात. त्याच रेषा कोरणाऱ्याच्या हत्याराच्या सूचकही आहेत. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथील नगारारूपी वास्तुसंग्रहालय (उद्घाटन : ५ ऑक्टोबर २०२४) आकारसाम्यामुळे नगाऱ्याची प्रतिमा, तर परंपरेमुळे बंजारा संस्कृतीचे प्रतीक ठरते. प्रत्यक्ष नगाऱ्याचा दुरून ऐकू येणारा नाद मात्र तो वाजत असल्याचा सूचक असतो.

सोस्यूर यांचे मत

स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांची व्याख्याने १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या मते चिन्ह हे चिन्हक (ध्वनिरूप) व चिन्हित (संकल्पना) यांचे मिळून बनते व त्यांतील संबंध यादृच्छिक असतो. 'पाणी' या ध्वनींत ओलावा नाही. 'सळसळ', 'कडकडाट' यांसारखे अनुकरणवाचक शब्द मात्र काही अंशी प्रतिमेकडे झुकतात.

संज्ञांविषयी

'प्रतीक' या संज्ञेचा अर्थ लेखकागणिक बदलतो. पर्स यांचे प्रतीक संकेताधिष्ठित असते. सोस्यूर यांच्या मते प्रतीक पूर्णतः यादृच्छिक कधीच नसते, जसे न्यायाचे प्रतीक म्हणून तराजू. साहित्यसमीक्षेतील प्रतीक या दोहोंहून निराळे असते. म्हणून संज्ञा वापरताना ती कोणाच्या अर्थाने योजली आहे, हे नमूद करणे आवश्यक ठरते.