आठ रुपयांचे भाडे आणि वाड्याची किंमत

पुण्याच्या पेठांतील वाडे कशाने गेले? पानशेतच्या पुराने, हे उत्तर सर्वांना पाठ असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांतील मातीविटांची घरे कोसळली. परंतु जिथे पुराचे पाणी पोहोचलेच नाही, त्या गल्ल्यांतले वाडेही पुढच्या काळात एकेक करून नाहीसे झाले. त्यांना हिशेबाने पाडले.

पेशवाईत वाडा बांधला जाई तो कुटुंबाच्या निवासासाठी. विसाव्या शतकात शिक्षणासाठी, नोकरीसाठी माणसे पुण्यात येऊ लागली, तसे चौकाभोवतीचे दोन-दोन खण बिऱ्हाडकरूंना दिले जाऊ लागले. वाडा आता उत्पन्नाचे साधन झाला, आणि त्याची किंमतही उत्पन्नावरून ठरू लागली.

ही रीत समजून घ्यावी. समजा, एका वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचे भाडे महिना ८ रुपये. वर्षाचे ९६० झाले. कर व दुरुस्तीचे २६० वजा जाता ७०० उरतात. पाच टक्के परताव्यावर समाधान मानणारा गुंतवणूकदार अशा वाड्याचे १४,००० रुपये देईल.

महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई भासू लागली आणि भाडेवाढीला आळा घालणे सरकारला भाग पडले. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सर्वसाधारणपणे ‘प्रमाण भाडे’ ठरले. कायदा ठरावीक मुदतीचा होता, पण ती मुदत पुन्हापुन्हा वाढत राहिली.

आता तोच वाडा चाळीस वर्षांनी पाहा. भाडे जवळपास तेच. कौले, लाकूड आणि गवंड्याची मजुरी मात्र कित्येक पट महाग. खर्च २६० वरून केवळ ७०० वर गेला असे धरले (हे फारच सौम्य झाले), तरी हाती २६० रुपये उरतात आणि त्याच रीतीने किंमत येते ५,२००. उलट खालची जमीन सोन्याच्या भावाची झालेली! इमारत सांभाळण्यात मालकाचा काहीच लाभ उरला नव्हता. गळके छप्पर तसेच राहिले, तुळया कुजल्या.

येथे मालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि भाडेकरूला फुकट्या म्हणणेही. त्याच अल्प भाड्यामुळे तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाला शहराच्या मध्यात राहून मुलांना शिकवता आले. ज्या जागेतून सहसा कोणी काढू शकत नाही, ती तो का सोडील? कायद्याने घराची मालकी आणि घराचा उपभोग यांची फारकत केली होती. दुरुस्तीचा पैसा कोणी घालायचा, हा प्रश्न दोघांच्या मध्ये पडून राहिला.

साहजिकच भाड्यासाठी घर बांधणे हा तोट्याचा व्यवहार ठरला. भांडवल वळले ‘ओनरशिप’च्या सदनिकांकडे. येथे बांधकामाचा सावकार म्हणजे बहुधा खुद्द भावी रहिवासीच: तो हप्त्याहप्त्याने रक्कम भरी आणि त्या पैशावर मजले चढत. त्यात फसवणूक होऊ लागली, म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्राने सदनिकांच्या मालकीसंबंधीचा कायदा केला. अगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करणे, ती वेगळ्या खात्यात ठेवणे, शेवटी जमीन व इमारत रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून देणे, ही बंधने त्यातली. तरीही गाठीला बचत नसलेल्याला घर दूरच होते. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली; पगारदाराच्या पुढील मिळकतीवर दीर्घ मुदतीचे गृहकर्ज ही कल्पना त्यानंतर मध्यमवर्गात रुजली.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. आठ रुपयांवर चार टक्के म्हणजे बत्तीस पैसे.

तोवर पेठांमध्ये निराळाच व्यवहार रुळला होता. विकसक येतो, किती बांधकाम करता येईल ते पाहतो, त्यातून भाडेकरूंना द्यावयाच्या सदनिकांचे क्षेत्र वजा करतो आणि उरलेल्या विक्रीयोग्य क्षेत्रावरून मालकाला भाव सांगतो. वाड्याच्या सागवानी खांबांना या हिशेबात स्थान नसते. बिऱ्हाडकरूच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या आठ रुपयांच्या पिवळ्या पडलेल्या पावत्यांना मात्र असते. हक्काची सदनिका त्यांच्यावरच मिळते.