खेळ सिद्धांत आणि जातींचे सहअस्तित्व

एकाच अन्नावर वा जागेवर हक्क सांगणाऱ्या जाती एकमेकींना न संपवता कशा टिकतात, हे खेळ सिद्धांताने तपासण्याची परिस्थितिविज्ञानातील पद्धत. इथे प्राणी विचारपूर्वक डाव टाकत नाहीत. डाव म्हणजे आनुवंशिक गुण आणि कमाई म्हणजे संतती. जॉन मेनार्ड स्मिथ व जॉर्ज प्राइस यांनी 1973 मध्ये उत्क्रांतिदृष्ट्या स्थिर डावपेचाची, म्हणजे बहुतेकांनी अवलंबल्यावर दुसरा डाव ज्याला हटवू शकत नाही अशा डावाची, कल्पना मांडली.

सहअस्तित्वाचे गाजलेले प्रारूप दगड-कागद-कात्रीचे आहे. बेंजामिन कर व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ते ई. कोलाय जीवाणूच्या तीन वाणांवर तपासले. पहिला वाण कोलिसिन हे विष बनवतो. त्यासाठी त्याच्या काही पेशी फुटून मरतात. या विषाने दुसरा, संवेदनशील वाण मरतो. तिसरा विषाला दाद देत नाही आणि विष बनवण्याचा खर्चही त्याला नसल्याने तो पहिल्याला मागे टाकतो. मात्र प्रतिकाराची किंमत म्हणून त्याची वाढ संवेदनशील वाणापेक्षा मंद असते. चक्र पुरे होते.

चंबूत ढवळलेल्या द्रावात आधी संवेदनशील वाण गेला, मग विषारी. उरला फक्त प्रतिकारक. अगारच्या बशीवर वसाहतींची मूळ मांडणी मखमलीच्या ठशाने जशीच्या तशी नव्या बशीवर उतरवली, तेव्हा मात्र तिन्ही टिकले. म्हणजे नुसते चक्र पुरत नाही, लढाई शेजाऱ्यापुरती राहावी लागते. रॉबर्ट मे व वॉरन लिओनार्ड यांच्या 1975 च्या समीकरणांतही अशी चक्रे उत्तरोत्तर लांबत जातात आणि दर फेरीत कोणीतरी शून्याच्या अधिक जवळ जातो. कर यांच्या प्रयोगातील वाण मात्र एकाच जातीचे होते. त्यावरून प्रवाळ किंवा जंगलांबद्दल थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.