निर्वात फुटतो तेव्हा

तळेगाव (श्यामजी पंत) येथे शिक्षकांशी बोलत असताना एका गुरुजींनी आम्हाला विचारले, "वीज पडते म्हणजे हवा फुटते. पण मधली हवाच काढून घेतली तर?" प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

कोरड्या हवेचा टिकाव मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टला संपतो. निर्वातही फुटतो, पण त्यासाठी मीटरला सुमारे १.३ × १०^१८ व्होल्ट लागतात. एवढ्या क्षेत्रात निर्वातातून इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन जोडीने बाहेर पडतात. फ्रिट्झ साउटर यांनी १९३१ साली डिरॅकच्या समीकरणावरून याचा पहिला हिशेब केला. हायझेनबर्ग व ऑयलर यांनी १९३६ मध्ये तो पुढे नेला आणि १९५१ मध्ये श्विंगर यांनी पक्का केला. नाव मात्र श्विंगर यांचेच राहिले. विज्ञानात हे नवे नाही.

१९३५ मध्ये श्रोडिंगर यांनी दूरच्या कणांमधील परस्परसंबंधाला, म्हणजे 'गुंफणी'ला, नाव दिले. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये होमी भाभा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचे गणित करीत होते. पण गुंफण आणि जोडीचा जन्म हे दोन धागे एकत्र यायला अनेक दशके लागली.

भाभांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच थानू पद्मनाभन यांनी नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली. १९९१ मध्ये 'प्रमाण' या नियतकालिकातील दीर्घ लेखात त्यांनी विद्युतक्षेत्रातील व गुरुत्वक्षेत्रातील कणनिर्मितीची तुलना केली. पुढे ते पुण्याच्या 'आयुका'त आले. तेथून श्रीरामकुमार यांच्यासह त्यांनी १९९६ मध्ये दाखवले, की गणितात कण अडथळ्यापार जाताना दिसले तरी खरे कण जन्मतातच असे नाही. आमच्या मते हा इशारा फार मोलाचा आहे.

आता गुंफणीकडे. ठरावीक संवेग व स्पिन असलेली एकच अवस्था घ्या. पाउलीच्या नियमामुळे तिच्यात फार तर एक जोडी मावते. 'जोडी नाही' आणि 'जोडी आहे' या दोन्ही शक्यता एकत्र नांदतात. इलेक्ट्रॉन दिसला तर पॉझिट्रॉन असणारच. क्षेत्र वाढवले की गुंफण वाढते, आणि जोडीची संभाव्यता निम्मी झाली की ती कमाल होते. एकसारख्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या क्षेत्रासाठी हे वर दिलेल्या आकड्याच्या साडेचार पटीला घडते. क्षेत्र आणखी वाढवा, गुंफण सैल होऊ लागते! कारण आता जोडी जवळजवळ खात्रीचीच. एकाला पाहून दुसऱ्याबद्दल नवे काही कळत नाही.

हे सारे अजून कागदावर आहे. २०२१ साली दक्षिण कोरियातील लेसरने तीव्रतेचा विक्रम केला, तरी त्याचे क्षेत्र लागते त्याच्या हजार-दीड हजारांशानेच होते. गुरुजींना आम्ही हा आकडा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हवा काढूनही भागणार नाही!"