तळटीप १२ : ‘लाह’ आणि चौघांचा खेळ

लाह : नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुड्यातील भिल्ल-पावरा गावांत एकमेकांच्या शेतावर मिळून राबण्याची रीत. लेखकाने तिच्याशेजारी ‘झेल्डा’ या १९८६ पासूनच्या, एरवी एकट्या वीराच्या व्हिडिओ गेम मालिकेतला २००२ चा ‘फोर स्वोर्ड्स’ ठेवला आहे, आणि ही तुलना मला पटते. त्यात किमान दोन खेळाडू लागतातच. जड ठोकळे एकट्याने रेटून हलत नाहीत. कोणी म्हणेल, सर्वाधिक ‘रुपी’ (खेळातले चलन) गोळा करणाऱ्याला पदक मिळते, मग हे सहकार्य कसले? पण ते रुपी साठतात एकाच गल्ल्यात, आणि पडलेल्या गड्याला उठवण्याचा खर्चही त्यातूनच निघतो. म्हणजे चढाओढीनेही भर पडते ती सामाईक कमाईतच. २०११ च्या आवृत्तीत मात्र एकट्याने खेळण्याची सोय आली. म्हणून लेखकाची तुलना मूळ खेळापुरतीच घ्यावी. — संपादक