एमबीपासून मोबाईलपर्यंत
कोरीटकरांनो, पूर्वी सरकारी बांधकामाचा हिशेब मोजमाप पुस्तकात, म्हणजे 'एमबी'त असायचा आणि ते पुस्तक साहेबांच्या कपाटात. खडी किती, सिमेंट किती, गावाला पत्ताच नसायचा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानं ते कपाट उघडलं. नक्कलच काय, कामाची पाहणी करायचा, मालाचा नमुना घ्यायचाही हक्क मिळाला. 2016 मध्ये इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. आता घरकुलाचा टप्प्याटप्प्यानं जिओटॅग फोटो चढतो, मग हप्ता खात्यात. लाभार्थी यादीही वेबसाईटवर आहे. पण बघतो कोण? मी म्हणतो, येत्या ग्रामसभेत ती मोठ्यानं वाचूया. कपाट उघडलंय, आत डोकावणं आपलं काम.