फोंसरानची जलपाशमाला

फोंसरानची जलपाशमाला : दक्षिण फ्रान्समधील मिदी कालव्यावर, बेझिए शहरालगतच्या उतारावर एकाखाली एक रचलेल्या आठ जलपाशांची सतराव्या शतकातील मालिका. सुमारे ३०० मीटरांच्या अंतरात ती नौकांना सुमारे २१.५ मीटर चढवते वा उतरवते.

जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला हौद. चढणारी नौका आत आली की मागचा दरवाजा लावून वरचे पाणी झडपांवाटे आत सोडतात, आणि दोन्हीकडची पातळी समान झाली म्हणजे पुढचा दरवाजा उघडतात. येथे हौद परस्परांस भिडलेले असल्यामुळे एकाचा खालचा दरवाजा तोच दुसऱ्याचा वरचा ठरतो व आठ हौदांस नऊ दरवाजे पुरतात. रिता हौद भोवतालच्या मातीच्या दाबाने ढासळू नये म्हणून त्याच्या भिंती आडव्या निजवलेल्या कमानीप्रमाणे बाहेर फुगीर ठेवल्या असून, हा अंडाकृती घाट मिदी कालव्याचे खास लक्षण होय.

कालव्याचा प्रवर्तक पिएर-पॉल रिके हा बेझिएचाच भूमिपुत्र, आणि पेशाने मिठावरील कराचा इजारदार. १६६६ मध्ये चौदाव्या लुईचे फर्मान मिळाल्यावर त्याने सरकारी खजिन्याच्या जोडीला आपली दौलतही या कामी वेचली. परंतु मे १६८१ मध्ये कालवा खुला होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १६८० मध्ये, तो निवर्तला आणि कर्जाचा बोजा वारसांच्या माथी आला. तथापि फोंसरानचे सारे श्रेय त्याच्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. या कामाचा मक्ता मेदाय बंधूंकडे होता. ते निरक्षर होते, असे सांगतात, आणि त्यांच्या मजुरांत स्त्रियांचा मोठा भरणा होता. उतार सर्वत्र सारखा नसताना आठही हौदांचा मेळ बसवण्याचे हे अवघड काम या मंडळींनी अनुभवाच्या बळावर सिद्धीस नेले, याची नोंद आवर्जून झाली पाहिजे.

आरंभी नौका तळाशी ऑर्ब नदीत उतरून तिच्या पात्रातून पलीकडे जात; पूर आला वा पाणी आटले की वाहतूक खोळंबे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नदीवर जलसेतू बांधून ही अडचण दूर केल्यावर मालिकेचा तळचा भाग नित्य वापरातून गेला. १९८३ मध्ये शेजारी उभारलेला यांत्रिक उतारमार्ग बिघाडांमुळे बंद पडला. जुनी जलपाशमाला मात्र चालू आहे. १९९६ मध्ये मिदी कालव्याचा जागतिक वारशात समावेश झाला. चढत्या व उतरत्या नौकांना येथे एकमेकींना ओलांडता येत नसल्याने दोहोंच्या वेळा वेगळ्या ठरवून दिलेल्या असतात.