सहसंदर्भनिश्चिती, संगणकीय

संहितेतील कोणती सर्वनामे व नामपदे एकाच व्यक्तीचा वा वस्तूचा निर्देश करतात, हे संगणकाकरवी ठरवण्याची प्रक्रिया. ‘टिळक’, ‘केसरीचे संपादक’ आणि ‘ते’ ही पदे एका साखळीत आली, तरच कोणाविषयी काय म्हटले आहे हे यंत्राला उलगडते. भाषांतर, सारलेखन व प्रश्नोत्तरे यांत उपयोग.

आरंभीचे काम : टेरी विनोग्राड यांनी १९७२ मध्ये मांडलेला पेच आजही प्रमाण मानला जातो. नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण ‘त्यांना’ हिंसाचाराची भीती होती, असे म्हटले तर निर्देश नगरसेवकांचा; ‘त्यांना’ हिंसाचार हवा होता, असे म्हटले तर मोर्चेकऱ्यांचा. येथे व्याकरण काहीच सांगत नाही. तरीही केवळ रचनेवर बरेच साधते, हे जेरी हॉब्ज यांच्या १९७८ च्या लेखातून दिसले. वाक्याच्या रचनावृक्षात सर्वनामापासून वर चढायचे, प्रत्येक पायरीवर डावीकडून उजवीकडे शोधायचे आणि लिंग-वचन जुळणारे पहिले नामपद घ्यायचे. ३०० सर्वनामांपैकी ८८.३ टक्के अशा रीतीने बरोबर सुटली.

केंद्रण सिद्धांत : बार्बरा ग्रोस, अरविंद जोशी व स्कॉट वाइनस्टाइन यांचा (१९८३, विस्तृत मांडणी १९९५). जोशी (१९२९–२०१७) मूळचे पुण्याचे. अभियांत्रिकीची पदवीही तिथलीच. पुढे ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक होते. प्रत्येक वाक्यातील निर्देशितांना प्राधान्यक्रम असतो. कर्ता बहुधा अग्रभागी. मागील वाक्यातील जे सर्वांत वरचे निर्देशित चालू वाक्यातही येते, ते त्या वाक्याचे केंद्र. वाक्यात कशासाठीही सर्वनाम वापरले असेल, तर केंद्रासाठी ते वापरलेले असतेच, हा मुख्य नियम. केंद्र टिकते की सरकते यावरून संहितेची सलगता मोजता येते. सर्वनामाकडे सुटे कोडे म्हणून न पाहता संभाषणाचा ओघ म्हणून पाहायला या सिद्धांताने शिकवले, आणि हेच त्याचे मोठेपण.

नंतरची वाटचाल : २००१ पासून उदाहरणांवरून शिकणाऱ्या पद्धती रूढ, २०१७ पासून चेताजालीय. विनोग्राड यांच्या धर्तीवरील २७३ वाक्यांच्या चाचणीत २०१९ मध्ये यंत्रांनी ९० टक्के गाठले. त्याला आकलन म्हणावे का, यावर मतभेद आहेत.

मराठी : ‘सुमनताईंनी मीराला बोलावले. तिच्या हातात डबा दिला. मग त्या देवळात गेल्या.’ दुसऱ्या वाक्यात कर्ता अध्याहृत आहे आणि क्रियापद डब्याशी जुळते, त्यामुळे देणाऱ्याचा माग क्रियापदात उरत नाही. एकेरी ‘तिच्या’ मीराकडे नेते. आदरार्थी ‘त्या’ सुमनताईंकडे. पण ‘त्या’ दोघींचे अनेकवचनही असू शकते, किंवा देवळाचे दर्शक विशेषण. अशा वेळी आदराचे नाते हाच खरा पुरावा असतो, आणि इंग्रजीवर घडलेल्या पद्धतींत त्याला जागा नसते. सहसंदर्भनिश्चितीच्या प्रणालींची तुलना करणाऱ्या २०१२ च्या कॉनएलएल स्पर्धेत चिनी व अरबी भाषा घेतल्या गेल्या, मात्र अध्याहृत सर्वनामे गुणांकनातून वगळली. मराठीचा सांकेतित (सहसंदर्भ नोंदवलेल्या संहितांचा) संग्रह त्याच साच्यात केला, तर वरील उदाहरणातले दुसरे वाक्य सुमनताईंच्या साखळीबाहेर राहील.